भातसानगरची मुलगी

४ ऑगस्ट

परदेशातून विद्यार्थिनी येणार म्हणून आमच्या कृषी महाविद्यालयाने आठ दिवस चालवलेला तमाशा आज दुपारी फाटकातच आटोपला. वसतिगृहाच्या एका संडासात इंग्रजी भांडं बसवलं होतं. दुसऱ्या वर्षाच्या मुलींनी रांगोळीत 'वेलकम' लिहिलं होतं, त्यात एक 'एल' जास्त. प्राचार्य सफारीत घामाघूम. सगळ्यांच्या डोक्यात गोरी, घाऱ्या डोळ्यांची, टोपीवाली बाई पक्की बसलेली. जीपमधून उतरली ती काळी कुळकुळीत, उंच, डोक्यावर बारीक वेण्यांचा भारा आणि दोन्ही खांद्यांवर आपल्या बॅगा आपणच घेतलेली. प्राचार्यांचा गुच्छ दोन क्षण हवेतच राहिला.

"केनिया," अनिल सर हळूच म्हणाले. "मेलमध्ये लिहिलं होतं की."

मेल वाचतो कोण इथे?

नाव नेकेसा. एक सत्र राहणार, नाचणीचा अभ्यास करणार. सात समुद्र ओलांडून शहापुरात आली ती नाचणीसाठी! आमच्या खोलीत तिसरा पलंग तिचा. दुसरा कुणालीचा. ती वाशिंदची, मोबाईलशिवाय तिला दुसरं अंग नाही.

संध्याकाळी सरांनी बोलावलं. "रंजिता, तुझं इंग्रजी बरं आहे. हिला रुळवायची जबाबदारी तुझी." मग आवाज उतरवून, "जानेवारीत आपली एक मुलगी त्यांच्या विद्यापीठात सत्रासाठी जाईल. शिफारस मी करणार आहे."

परदेश म्हणजे शेवटी आफ्रिका. पण विमान ते विमान आणि पासपोर्ट तो पासपोर्ट. मी म्हणाले, "रुळवते, सर."

१० ऑगस्ट

रुळवायचं काय डोंबल? बादलीने आंघोळ येते, दगडावर कपडे आपटता येतात, लाइट गेली तर हाक मारत नाही. कुणालीला यातलं काहीच धड येत नाही. मग हिला परदेशी तरी कशाला म्हणायचं?

जे यायला हवं ते मात्र येत नाही. इथे जर्नल कसं लिहितात हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. गेल्या वर्षीच्या मुलीचं घ्यायचं आणि चुकांसकट उतरवायचं. हिने वर्गात हात वर केला. "सर, हा रोग मी पानावर बघितलेलाच नाही. त्याचं चित्र कसं काढू?" वर्ग फिदीफिदी हसला. मग ही दुपारभर चिखलात बसून खरं पान बघत बसली आणि आपलं आपण चित्र काढलं. पुस्तकाशी जुळत नाही म्हणून सरांनी परत केलं. बरं झालं.

बाजारात नेलं तर भाजीवालीने अंगठ्याने तिचा दंड चोळून पाहिला, रंग जातो का म्हणून. नेकेसा हसली. भाजीवालीही हसली. मी दोघींपासून चार पावलं लांब उभी राहिले. खोलीवर आल्यावर मात्र ती भिंतीकडे तोंड करून बसली आणि एकेक वेणी सोडत राहिली. दोन तास. डोकं दुखत असेल. एवढा भारा घेऊन फिरल्यावर दुखणारच.

१७ ऑगस्ट

रोज संध्याकाळी जिन्यात बसून ती आईला फोन लावते. अख्ख्या वसतिगृहाला ऐकू जाईल असं हसते. आई गावच्या बाजारात केळी आणि सुकी मासळी विकते. हे तिला कोणी विचारलं नव्हतं, तिनेच सांगितलं, फोटोही दाखवला. पत्र्याखाली पाटीमागे बसलेली जाडजूड बाई, पायात दोन वेगवेगळ्या चपला. कुणालीने फोटो मोठा करून चपला बघितल्या आणि मला कोपराने ढोसलं. नेकेसाला कळलंच नाही. किंवा कळून काही वाटलं नाही, म्हणजे त्याहून वाईट.

माणसाने आपल्याबद्दल काय सांगावं आणि काय नाही, एवढं तरी समजावं.

मी इथे सर्वांना सांगितलंय की आम्ही भातसानगरचे, वडील धरणावर नोकरीला. खरं घर डोळखांबच्याही पुढे पाड्यावर. बाबा भिवंडीच्या गोदामात हमाली करतात, शनिवारी घरी येतात. आई भात आणि नाचणी. यात कोणाचं नुकसान नाही. अकरावीत मुरबाडला होते तेव्हा पहिल्याच दिवशी बाईंनी वही मागितली आणि मी म्हणाले, "मी नाय आनली, आमना कोनी सांगला नाय." त्यानंतर दोन वर्षं माझं नाव 'आमना' होतं. मास्तरसुद्धा हजेरी घेताना हसायचे. त्या दोन वर्षांत मी घरची भाषा जिभेवरून घासून काढली. आता माझं मराठी कुणालीपेक्षा शुद्ध आहे. तिला अजून 'मी' आणि 'मि' कळत नाही.

३० ऑगस्ट

गणपतीची सुट्टी, घरी जाऊन आले. दारासमोरच्या भिंतीवर आईने माझा दहावीच्या बक्षिसाचा फोटो लावलाय. आत पाऊल टाकलं की आधी मीच दिसते. वर झेंडूची माळ. मेलेल्या माणसाला घालतात तशी. सांगून कळत नाही.

मी तिला नेकेसाबद्दल सांगितलं, हसायला म्हणून. ती हसली नाही. "जेवते का नीट?" एवढंच विचारलं. निघताना फडक्यात नाचणीच्या भाकऱ्या बांधून दिल्या, तिच्यासाठी. मी त्या एसटीतच शेजारच्या बाईला देऊन टाकल्या. खोलीवर नेल्या असत्या तर कुणालीने दहा प्रश्न विचारले असते.

१२ सप्टेंबर

आज डोकं फिरायची पाळी आली.

नेकेसाला मेसचं जेवण उतरत नाही, म्हणून ती हल्ली स्वयंपाकघरात चंद्रकलाबाईंजवळ बसते. चंद्रकलाबाई आमच्याच बाजूच्या, डोळखांबकडच्या. मी त्यांच्याशी कामापुरतं बोलते. त्या हिला भाकरी थापायला शिकवतात आणि सोबत बोलायलाही. म्हणजे मी महिनाभर हिला 'मला समजले नाही' घोटून घेतेय आणि आज भर वर्गात ही उभी राहून म्हणते, "सर, मना नाय समजला. परत सांगा ना."

मग वर्गाने टाळ्या वाजवल्या! सर हसून हसून टेबलाला धरून उभे. कुणालीने तिच्याकडून पुन्हा वदवून घेतलं आणि व्हिडिओ काढला. संध्याकाळपर्यंत तो सगळ्या कॉलेजच्या मोबाईलवर. 'किती गोड बोलते.'

गोड!

मी तिला गाठून सांगितलं, "ही गावंढळ भाषा आहे. शिकलेली माणसं असं बोलत नाहीत."

ती म्हणाली, "चंद्रकला बोलते."

"ती स्वयंपाकीण आहे."

तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग इंग्रजीत म्हणाली, "मला इथे जेवलीस का म्हणून तिनेच विचारलं. बाकीच्यांनी फोटो मागितला." हा काय मुद्दा झाला?

५ ऑक्टोबर

मंगळवारी क्षेत्रभेट. सर म्हणाले, "डोळखांबच्या पुढे एका पाड्यावर मंगळी म्हणून बाई आहे. तिच्याकडे नाचणीचं पाच प्रकारचं जुनं बियाणं आहे. नेकेसाच्या प्रकल्पाला सोनं. तू दुभाषी."

मंगळी म्हणजे माझी आई.

मी म्हणाले, रस्ता वाहून गेलाय. सर म्हणाले, कृषी सहायक कालच जाऊन आला. मी म्हणाले, अंगात कणकण आहे. सर म्हणाले, मग कुणालीला नेतो, जानेवारीचंही तिचंच बघू. कणकण गेली.

७ ऑक्टोबर

जमलं. सगळं नीट लिहून ठेवते.

पाड्यावर माणूस नव्हतं, सगळे कापणीला. मला वाटलं, आईही डोंगरावर असेल आणि आम्ही हात हलवत परत येऊ. पण कृषी सहायकाने निरोप ठेवला होता. ती अंगणात उभी होती, हातात विळा. जीपमधून आधी सर उतरले, मग नेकेसा, मग मी. मला बघून तिचं तोंड उघडलं. काही बोलायच्या आत मी पुढे झाले आणि हात जोडले.

"नमस्कार, मावशी. आम्ही शहापूरच्या कॉलेजातून आलोय."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग सरांकडे, नेकेसाकडे. विळा खाली ठेवला.

"या, बाय. बसा," म्हणाली. "पानी आनते."

घरात मात्र कोणाला येऊ दिलं नाही. सर उंबऱ्याकडे निघाले तशी ती दारात आडवी झाली. "आत नका येव, सायेब. आताच सारवलाय, वला हाय." सारवण खडखडीत वाळलेलं मला अंगणातून दिसत होतं. तिलाही घर दाखवायची लाज वाटली असणार. निदान तेवढी तरी अक्कल आहे. पाणी देताना सरांना आणि नेकेसाला तांब्या तसाच दिला, माझ्या वेळी पदराने पुसून दिला. कॉलेजच्या बाईसमोर स्वच्छतेचं प्रदर्शन.

शेजारची म्हातारी, गोजरआजी, ओट्यावर बसली होती. तिला दिसत नाही, हे मी विसरले नव्हते. तिला ऐकू येतं हे विसरले होते. "मंगळे, रंजीचा आवाज वाटतंय गो?"

बरं, सर तेव्हा जीपमधली वही आणायला गेले होते.

"नाय गो," आई म्हणाली. "कालेजच्या बाया हायेत."

पुढे सर्व सुरळीत. आईने पाच गाडग्यांतलं बी पाच सुपांत ओतलं. लवकर येणारी कुठली, डोंगरउताराची कुठली, भाकरीला चवीची कुठली, सगळं सांगितलं. मी इंग्रजी केलं. मधेच नेकेसाने एक कणीस तळहातावर चोळलं, फुंकर मारून फोल उडवलं आणि दाणे तोंडात टाकले. हुबेहूब आईसारखं. "विंबी," ती म्हणाली. तिच्याकडे नाचणीला विंबी म्हणतात. "माझी आये पन असाच करते," तिने आईला सांगितलं, चंद्रकलाबाईंच्या त्या मराठीत. आईचा चेहरा असा फुलला की मला तिकडे बघवेना. दोघी गुडघ्याला गुडघा लावून बसल्या, मला मधे काही करायलाच उरलं नाही.

सरांनी वेळ घालवायला विचारलं, "मावशी, मुलंबाळं किती?"

"एक पोर हाय. शिकते."

"कुठे?"

"लांब," आई म्हणाली.

नेकेसाने माझ्याकडे बघितलं, इंग्रजी कर म्हणून. मी केलं. एक मुलगी आहे, शिकते, लांब.

निघताना आईने मला विचारलं, "तुमचा गाव कंचा, बाय?"

"भातसानगर."

"चांगला हाय," म्हणाली. "पानी हाय तिकडं."

इतकं बेमालूम नाटक आईला जमेल असं वाटलं नव्हतं. परत येताना मला जीप थांबवून दोनदा उलटी झाली. वळणंच तशी आहेत त्या रस्त्याला. नेकेसाने पाठीवर हात ठेवला, तो मी झटकला.

१० ऑक्टोबर

नेकेसाला उशिरा का होईना, अक्कल आलेली दिसते. आता जिन्यात बसून फोन करत नाही. रोपवाटिकेच्या पलीकडे जाते आणि हळू आवाजात बोलते. माझ्याशीही कमी बोलते. चला, रुळली.

१६ ऑक्टोबर

निवड झाली. माझी! कुणालीने अभिनंदन केलं तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा होता. पासपोर्टचा अर्ज भरला. पत्ता पाड्याचाच लिहावा लागला, आधार कार्डावर तोच आहे. हा कागद कॉलेजात कोण बघणार? ओळख देणारे म्हणून अनिल सरांचं नाव घातलं.

१ नोव्हेंबर

सकाळी पोलिसांचा फोन. "रंजिता आगिवले का? पत्ता खोटा दिलात की काय, मॅडम?"

मी म्हणाले, खरा आहे.

"मग कसं काय? मी काल तुमच्या पाड्यावर जाऊन आलो. घरात बाई होती. म्हणाली, अशी कोणी पोर आमच्यात नाय. भातसानगरला चौकशी करा, तिथली हाय ती. मी शेरा उलटा मारणार होतो, पण म्हटलं फोन करावा. मंगळवारी त्या बाईला आणि ओळख देणाऱ्या साहेबांना घेऊन पोलीस ठाण्यात या."

आईचा असा संताप आला! इतकं बावळट माणूस असू शकतं? आज शनिवार, बाबा घरी. त्यांना फोन लावला आणि आईला द्यायला सांगितलं. ती फोनवर नेहमी ओरडून बोलते, आज हळू बोलत होती. मी विचारलं, पोलिसाला मुलगी नाही असं का सांगितलंस?

"तूच बोललीस ना भातसानगर," ती म्हणाली. "मना वाटला, सायेब तुमच्या कालेजचाच हाय. तुजा खोटा उघडा पडला तर तुना इमानात घेनार नाय. म्हनून मी घट रायले. त्याने तीनदा इचारला. तीन येळा नाय बोलले."

तीनदा.

काहीतरी लागेल असं बोलायचं म्हणून फोन लावला होता. मंगळवारी पोलीस ठाण्यात ये, एवढंच म्हणाले.

२ नोव्हेंबर

नेकेसाला सांगितलं. कोणालातरी सांगायला हवं होतं आणि कुणालीला सांगण्यापेक्षा विहीर बरी.

"माहीत हाय," ती म्हणाली.

"कोणी सांगितलं?"

"आमाला तांब्या तसाच दिला. तुना पुसून दिला." मग इंग्रजीत, "माझ्या आईशी मी असं वागले असते ना, तर तिने भर बाजारात मला चपलेने मारलं असतं. त्या दोन्हींतली जी जड असेल तिने."

मी हसले. मग हसू थांबेना, आणि मग ते हसू राहिलं नाही. ती नुसती बसून होती. पाठीवर हातही ठेवला नाही. एकदा झटकलेला तिच्या लक्षात असणार. तिला विचारलं, जिन्यात फोन का करत नाहीस? म्हणाली, "तुला त्रास होतो असं वाटलं." तीन महिने मी हिला मठ्ठ समजत होते.

त्या भाकऱ्यांचंही सांगून टाकलं. ते ऐकून मात्र ती चिडली. "मेसमध्ये मी उपाशी उठत होते," म्हणाली आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

४ नोव्हेंबर

आई एकटीच एसटीने आली. ठेवणीतलं लुगडं, हातात फडक्यात गुंडाळलेला विळा. कापणी राहिलीय, परत गेल्या गेल्या वावरात उतरायचं म्हणून घेऊनच निघालेली. ठाण्याच्या दारात हवालदाराने तो काढून ठेवायला लावला. अनिल सर आधीच बाकावर बसले होते. त्यांनी आईला ओळखलं. उठून "काय मावशी, तुम्ही इथे?" म्हणाले आणि मग माझ्याकडे पाहिलं. त्यांना सर्व कळायला जेवढा वेळ लागला, तेवढा वेळ मी जमिनीच्या फरशा बघत होते.

हवालदाराने कागद पुढे ओढला. "हं, बाई. ही मुलगी कोण तुमची?"

आईने माझ्याकडे बघितलं. पोलिसाला काय सांगायचं ते माझ्या तोंडावर शोधत होती. सरांसमोर, शिपायासमोर, अजूनही तिला वाटत होतं की माझं नाटक चालू असेल आणि ते तिच्या हातून बिघडू नये.

"सांग गो, आये," मी म्हणाले.

मोठ्याने म्हणाले. घरच्या आवाजात.

"पोर हाय माझी," ती हवालदाराला म्हणाली. "एक नंबरची लबाड हाय. पन माझी हाय."

हवालदार हसला. सर हसले नाहीत. आईने अंगठा उठवला, सरांनी सही केली. बाहेर आल्यावर ते म्हणाले, "त्या दिवशी मी तिला विचारलं, मुलंबाळं किती. तू शेजारी बसून इंग्रजी करत होतीस." पेन खिशाला अडकवलं. "जानेवारीचं मला पुन्हा विचार करावा लागेल, रंजिता. सोमवारी भेट." मी हो म्हणाले. आणखी काय म्हणणार?

स्टँडवर डोळखांबची गाडी लागली होती. मी आईला म्हणाले, चल, आधी जेवून घे, वसतिगृहात चल, नेकेसा वाट बघतेय.

"तुमी जावा हॉस्टेलात, बाय," ती म्हणाली. "मी जाते माझी."

आता कोणी बघत नव्हतं, कोणाला फसवायचं नव्हतं. तरी तुमी. ती चढली आणि खिडकीशी जाऊन बसली. मी तिच्यामागून चढले. तिकीट मीच काढलं. किन्हवली मागे पडली तेव्हा ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "त्या काळ्या पोरीच्या आयेला पोर दिसली नाय तीन म्हैने. कशी रायते गो ती?"

मी म्हणाले, "रोज फोन करते ती तिला."

"हां," आई म्हणाली.

तिच्या मांडीवरचा विळा मी माझ्या मांडीवर घेतला. तिने घेऊ दिला.

पाड्यावर पोचल्यावर ती घरात न शिरता सरळ डोंगराच्या पट्टीत गेली. मीही गेले, कॉलेजच्या ड्रेसवर. तिचा विळा माझ्याकडेच राहिला, तिने शेजारणीचा घेतला. दोघी एका ओळीला लागलो. मला दोन वर्षांत सवय राहिली नव्हती. कणसं मुठीतून निसटत होती, करंगळीला पातं लागलं. ती तीन हात पुढे गेली, वळली, माझी मूठ बघितली.

"तुना काय येत नाय," ती खेकसली. "नीट धर."